ड्रिलने जॅक फिरवताना

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण लवकरच गाडी चालवायला शिकतील. मग कधीतरी टायर पंक्चर होणारच! त्या दिवशी डिकीतला जॅक बाहेर काढावा लागेल.

मागच्या हिवाळ्यात माझ्यावर तीच वेळ आली. रात्र झाली होती, न्यू जर्सीत हायवेच्या कडेला मी उभा, आणि जॅकचा दांडा फिरवून फिरवून हात भरून आले होते. बाजूने ट्रक धडाधड जात होते. 'घरचं ड्रिल सोबत असतं तर!' असं वाटलं. नंतर एका शनिवारी मी घरासमोर ते करून पाहिलं. काय कळलं, ते सांगतो.

जॅक कसा चालतो?

अनेक गाड्यांसोबत सिझर जॅक मिळतो. सिझर म्हणजे कात्री. त्याची चौकट पतंगासारखी दिसते. मधून एक लांब आडवा स्क्रू जातो. स्क्रू फिरवला की चौकटीचे दोन बाजूंचे कोपरे जवळ येतात आणि वरचा कोपरा उचलला जातो. एका फेरीत स्क्रू फक्त काही मिलिमीटर सरकतो. म्हणून हाताच्या थोड्या ताकदीने दीड टनाच्या गाडीचा एक कोपरा उचलता येतो. ताकद कमी लागते, पण फेऱ्या खूप माराव्या लागतात. त्यातच वेळ जातो.

ड्रिल काय करतं?

बॅटरीवर चालणारं 18 व्होल्टचं ड्रिल हळू गिअरमध्येही मिनिटाला 400–500 फेऱ्या मारू शकतं. गाडीचं वजन आलं की वेग कमी होतो, तरीही हातापेक्षा काम लवकर होतं. काही जॅकच्या स्क्रूला सहा कोनांचं डोकं असतं, त्यावर सॉकेट बसतं. काहींना गोल कडी असते, तिच्यासाठी वेगळी आकडी विकत मिळते.

पण न्यूटनचा तिसरा नियम आठवा. ड्रिल स्क्रूला एका दिशेने फिरवतं, तेव्हा स्क्रू ड्रिलला उलट दिशेने ढकलतो. मी बटण जोरात दाबलं, स्क्रू अडकला आणि माझं मनगटच पिरगळलं! इम्पॅक्ट रेंच नावाचं यंत्र लहान लहान ठोके देत फिरतं, त्यामुळे मनगटाला कमी झटका बसतो. मात्र त्या ठोक्यांनी जॅकचे आटे झिजू शकतात. हा छोटा जॅक हाताने हळू फिरवण्यासाठीच बनवलेला असतो. म्हणून आधी गाडीची पुस्तिका वाचा.

कामाचा क्रम

1. शक्य असेल तर हळूहळू पुढच्या एक्झिटपर्यंत जा. टायर खराब झाला तर दुसरा मिळतो. जागा धोक्याची असेल तर टायर बदलू नका. रस्त्यापासून लांब उभे राहा आणि मदतीला फोन करा.
2. सपाट, टणक जमीन बघा. हॅझर्ड लाइट लावा, गाडी पार्कमध्ये ठेवा, पार्किंग ब्रेक ओढा. समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड किंवा पाचर लावा.
3. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धी फेरी सैल करा. उचललेलं चाक नुसतंच फिरतं.
4. जॅक गाडीला टेकेपर्यंत हातानेच फिरवा. तो पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच बसला आहे ना, ते वाकून बघा.
5. आता ड्रिल लावा. थोडं फिरवा, थांबा, जॅक तिरका होत नाही ना ते बघा, पुन्हा फिरवा. हवा भरलेली स्टेपनी बसेल एवढीच उंची पुरे.
6. गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालू नका. कधीच नाही.
7. नट हाताने बसवा आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. गाडी खाली आल्यावर पान्याने नीट घट्ट करा. यंत्राने जास्त आवळले तर बोल्ट ताणला जातो.

मग फायदा किती?

मी घड्याळ लावून पाहिलं. ड्रिलने दोन-तीन मिनिटं वाचली. बाकीचा वेळ सामान काढणं, जॅक नीट लावणं आणि नट आवळणं यात गेला. तिथे ड्रिलचा काही उपयोग नाही. शिवाय थंडीत बॅटरी लवकर उतरते. म्हणून जॅकचा दांडा घरी ठेवू नका!

तरी ज्यांचे हात किंवा खांदे दुखतात, त्यांना ड्रिलची खरी मदत होते. वाचलेली दोन मिनिटं मात्र जॅक पुन्हा तपासायला वापरा. महाराष्ट्रातल्या घाटांत रस्त्याच्या कडेला एक पाटी दिसते: 'अति घाई, संकटात नेई.' ती पाटी न्यू जर्सीतही लागू पडते.

सांगा पाहू

1. नट आधी सैल का करायचे?
2. जॅक गाडीला टेकेपर्यंत ड्रिल का वापरायचं नाही?
3. तुमच्या घरच्या गाडीत जॅक कुठे आहे? आज आई-बाबांसोबत शोधा आणि चार वाक्यं लिहा.