गिअरबॉक्सचं लाल तेल

मे महिन्यातला शनिवार. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीची चढण लागली आणि गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकू लागली. दीड तास हेच. मग आमच्या गाडीचं इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी काही ओढेना. आरपीएमचा काटा तीन हजारांवर आणि चाकं जागच्या जागी. काहीतरी करपल्याचा वास आला, डॅशबोर्डवरचा गिअरचा आकडा लुकलुकू लागला. मागच्या टेम्पोवाल्या दादांनी आपणहून दोर काढला. "काळजी करू नका ताई, टोचन करून वर काढतो." तेवढ्यात भोसरीच्या मेकॅनिकना लावलेला फोन लागला. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "दोर लावू देऊ नका. गाडी उचलूनच आणायची."

बंद गाडी न्यूट्रलला टाकून ओढायची, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. ऑटोमॅटिकला ते का चालत नाही, हे नंतर कळलं. या गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनच्या जोरावर फिरतो. इंजिन बंद ठेवून चाकं रस्त्यावर फिरवत नेली, तर आतले गिअर फिरत राहतात, पण त्यांच्यावर तेल येत नाही. दुरुस्त होण्यासारखा गिअरबॉक्स अशा वेळी रस्त्यातच भंगार होऊ शकतो. आम्ही तीन तास क्रेनच्या ट्रकची वाट पाहिली.

ही गाडी मी हौसेनं घेतली नव्हती. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबणं जमेना. वर्षभर कुठेही जायचं तर कुणाची तरी मिनतवारी करावी लागे. मग पाच वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक घेतली आणि पुन्हा स्वतःच्या मर्जीनं हिंडू लागले. आईला दवाखान्यात न्यायचं, रात्री मुलीला स्टेशनवरून आणायचं, सगळं परत माझ्या हातात आलं. म्हणून ती घाटात बसली तेव्हा पैशांची चिंता नंतर आली, आधी पोटात गोळा आला.

चार दिवसांनी भोसरीला गेले तेव्हा गिअरबॉक्स उघडून टेबलावर मांडला होता. मेकॅनिकनी मला स्टूल दिलं आणि एकेक भाग हातात देऊन दाखवला. त्यातली व्हॉल्व्ह बॉडी मी विसरणार नाही. शाळेच्या पाटीएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यात वळणावळणाचे चर, वारूळ मधोमध कापावं तसे. चरांत तुरीच्या दाण्याएवढ्या पोलादी गोळ्या. त्या गोळ्या आणि बारीक दट्टे तेलाचा दाब कुठे सोडायचा, कुठे अडवायचा हे ठरवतात. दाब ज्या क्लचप्लेटांवर जाईल तो गिअर पडतो. पहिल्याचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा हा सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. नंतरच्या गाड्यांत हुकूम कॉम्प्युटर देतो, पण तो अमलात आणतं तेलच.

त्यांनी दोन बाटल्या शेजारी ठेवल्या. नव्या बाटलीतलं तेल कोकम सरबतासारखं लालचुटूक. इंजिन ऑईलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून त्यात रंग घालतात. आमच्या गाडीतलं तेल मात्र उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं. बोट बुडवलं तर करपट वास. क्लचप्लेटवर नख फिरवलं तर अस्तराची काळी पूड निघाली. गाडी 1 लाख 10 हजार किलोमीटर चाललेली. गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललेलं नव्हतं, कारण आधीच्या मालकांना आणि मलाही सर्व्हिसला सांगितलं गेलं होतं, 'हे तेल गाडीच्या जन्माचं आहे, हात लावायची गरज नाही.' हे गिअरबॉक्स बनवणाऱ्या जर्मनीच्या झेडएफ कंपनीचाच सल्ला असा आहे की 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलावं. ते एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं, तर खंबाटकीत तीन तास उभं राहावं लागलं नसतं.

तेलावर इतकं का अवलंबून? याचं उत्तर जहाजात सापडतं. श्टेटिनच्या व्हुल्कान गोदीत काम करणाऱ्या हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यापुढे अडचण होती ती वाफेच्या टर्बाइनची. टर्बाइन फार वेगानं फिरते आणि जहाजाच्या पंख्याला सावकाश फिरायचं असतं. 1905 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, ते या दोघांना द्रवानं जोडण्याचं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल आणि मध्ये ते तेल वळवून परत ढकलणारी तिसरी चक्री ठेवली, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. त्याचाच साधा, दोन चक्र्यांचा जोड आणि सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे गिअर, असा संगम घेऊन जनरल मोटर्सनं 1940 च्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. पुढे महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही तो बसला. त्या काळच्या तेलात स्पर्म देवमाशाचं तेल मिसळत. क्लचप्लेट झटका न देता धरायला ते उत्तम. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला.

माझी खरी तक्रार मात्र एका शब्दाबद्दल आहे. आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात आणि घेणाऱ्याला आपल्या गाडीत कुठलं आहे हे बहुधा ठाऊक नसतं. पहिला आमच्या गाडीतला, टॉर्क कन्व्हर्टरचा. दुसरा एएमटी, म्हणजे आपला साधा हातानं बदलायचा गिअरबॉक्सच. क्लच आणि गिअर हलवायला त्यावर ॲक्च्युएटर बसवलेला. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून तो स्वस्तात घरोघरी आला. त्याची क्लचप्लेट कोरडी असते. सोसायटीच्या तळघरातून वर येताना रॅम्पवर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली, तर ती हाफ क्लचमध्ये जळते, जशी मॅन्युअलची जळते. उभं राहायचं तर ब्रेकवर राहा.

तिसऱ्या, सीव्हीटीत, गिअरच नसतात. शेकडो पोलादी पाकळ्यांचा पट्टा दोन पुलींमध्ये खेळतो. त्याचा रबरी पट्ट्याचा पूर्वज 1958 साली नेदरलँड्सच्या डाफ 600 मध्ये आला होता. सीव्हीटीतल्या तेलाला वंगणही द्यावं लागतं आणि पोलादावर पोलादाची पकडही टिकवावी लागते, म्हणून दुसरंच कुठलं तेल भरलं की पट्टा घसरून पुली खरवडतो.

चौथा डीसीटी. एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. चालवायला झकास, पण कोरड्या क्लचचा असेल तर रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीएसजी या डीसीटीबद्दल चीनमध्ये इतक्या तक्रारी आल्या की मार्च 2013 मध्ये 3 लाख 84 हजार 181 गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्यांतलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायचं ठरलं. दमट उष्ण हवा आणि सतत थांबत चालणारी वाहतूक, यांत त्या तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकत होता. दमट हवा आणि थांबत चालणारी वाहतूक. ठाणे-घोडबंदर रस्त्यावर रोज जाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आमची गाडी तेरा दिवसांनी मिळाली. त्याआधीही ती सूचना देत होती, हे आता लक्षात येतं. सकाळी डीमध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच व्हायचं नाही, मग धक्का बसायचा. मी समजत होते, थंडीमुळे असेल. मेकॅनिक म्हणाले, "त्याच वेळी आला असता तर तेल आणि फिल्टरवर भागलं असतं." त्यांनी आणखी एक सांगून ठेवलंय. पावसात चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून गाडी गेली, किंवा रेडिएटर आतून फुटला, तर तेल गुलाबी दुधासारखं दिसायला लागतं. तसं दिसलं की स्टार्टरला हात लावायचा नाही, थेट फोन करायचा.

दाराच्या आतल्या पत्र्यावर त्यांनी स्टिकर लावलाय, पुढचं तेल किती किलोमीटरला बदलायचं त्याचा. रविवारी रात्री मी गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवते आणि सकाळी दूध घ्यायला जाताना त्याच्यावर लाल थेंब पडलाय का ते वाकून बघते. डावा गुडघा थोडा कुरकुरतो, पण तेवढं वाकता येतं.