आत्ताच तर दाखवलं होतं!

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात दादींना सहा व्यायाम करून दाखवतात. घरी आल्यावर त्यांना दोनच आठवतात, तेही उलटसुलट. नातू नानांना मोबाइलवर बोट कसे सरकवायचे ते दाखवतो. पाच मिनिटांनी नाना पुन्हा विचारतात. "आत्ताच तर दाखवलं होतं!" हे वाक्य मग घराघरांत ऐकू येते आणि बुजुर्गांचे मन खट्टू होते. खरे तर त्यांचे लक्ष नव्हते असे नाही.

नुकतेच पाहिलेले किंवा ऐकलेले थोडा वेळ धरून ठेवणारी स्मृती वेगळी असते. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश संशोधकांनी तिची रचना मांडली. त्यात शब्दांचा कप्पा निराळा आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचा निराळा. ही जागा तरुणपणीही लहानच. वय वाढते तशी ती आणखी आखडते. फोन नंबर मनात पुटपुटता येतो. पण ज्या हालचालीला नावच नाही, ती पुटपुटणार कशी? म्हणून नवे हातवारे लवकर निसटतात.

अंगवळणी पडलेल्या हालचालींचे मात्र तसे नाही. वुजूचा क्रम, भाकरी थापणे, शिलाई मशीन चालवणे हे सारे दुसऱ्याच स्मृतीत साठलेले असते आणि म्हातारपणीही बरेचसे टिकते. तरीही नमाजमध्ये किती रकात झाल्या याचा गोंधळ होऊ शकतो, कारण हालचाल जुनी असली तरी मोजणी ताजी असते.

मग करायचे काय? एका वेळी एक-दोनच हालचाली दाखवा. समोर नव्हे, शेजारी बसून दाखवा, म्हणजे डावे-उजवे उलटे होत नाही. प्रत्येक हालचालीला घरगुती नाव द्या : 'जाते फिरवणे', 'पडदा सारणे'. सर्वांत महत्त्वाचे, लगेच त्यांच्याकडून करून घ्या. नुसत्या ऐकलेल्या कृतीपेक्षा स्वतः केलेली कृती अधिक लक्षात राहते, हे १९८० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत वृद्धांच्या बाबतीतही दिसले आहे.

मात्र कंगवा कसा धरायचा, गुंड्या कशा लावायच्या अशा जन्मभराच्या गोष्टी अडू लागल्या, तर वयाला दोष देऊन गप्प बसू नका. डॉक्टरांना दाखवा. बाकी वेळी हवा असतो तो थोडा सब्र आणि पुन्हा एकदा दाखवण्याची तयारी.