फुंकरीच्या यंत्रातला चौथा रकाना

छातीरोग विभागाच्या दाराबाहेर उभे राहिले की आतून आवाज ऐकू येतो, ‘जोरात... अजून, अजून, अजून... सोडू नका!’ नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि पेशंट जीव खाऊन फुंकतो आहे. ही स्पायरोमेट्री. फुप्फुसांतून एकूण किती हवा बाहेर पडते आणि किती वेगाने, ते या तपासणीत कळते. फुंकण्याआधी तंत्रज्ञ यंत्रात वय, उंची आणि लिंग भरतो. बऱ्याच यंत्रांत आणखी एक रकाना असतो, वंशाचा. पेशंटला त्याविषयी सहसा कोणी विचारत नाही.

हा रकाना काय करतो? समजा, दगडखाणीत वीस वर्षे काम केलेला एक मजूर आहे. त्याने सारा जोर लावून ३ लिटर हवा सोडली. युरोपीय लोकांवरून काढलेल्या सूत्राप्रमाणे त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाने ४ लिटर सोडायला हवी. म्हणजे ७५ टक्के. ८० टक्क्यांखाली गेले की कमी, हा जुना ठोकताळा. तेव्हा फुप्फुस आकसले असावे अशी शंका येते आणि पुढच्या तपासण्या सुरू होतात. आता वंशाच्या नावाखाली अपेक्षित आकडा १० टक्क्यांनी उतरवला, तर ४ चे ३.६ होतात. तेच ३ लिटर आता ८३ टक्के. रिपोर्ट ‘नॉर्मल’! मजुराची धाप मात्र तेवढीच राहते.

ही वजाबाकी आली कुठून? लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने १८४६ मध्ये स्पायरोमीटर लोकांपुढे मांडले. दोन हजारांहून अधिक माणसांना फुंकायला लावून त्याने दाखवले, की हवेचे माप उंचीप्रमाणे वाढते. काम चोख होते. पण यंत्र अटलांटिक ओलांडून गेले आणि गुलामगिरीचा कट्टर समर्थक असलेल्या सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरच्या हाती पडले. कृष्णवर्णीयांच्या फुप्फुसांची क्षमता २० टक्क्यांनी कमी असते, म्हणून राबवून घेणे त्यांच्या प्रकृतीला हितकारक, असा निष्कर्ष त्याने १८५१ मध्ये काढला. मालकाकडून पळून जाण्याची गुलामाची इच्छा हा एक आजार आहे, असे सांगून त्याला भारदस्त ग्रीक नाव देणाराही हाच गृहस्थ. पुढे अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांची मापे १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. कृष्णवर्णीय सैनिकांचे आकडे कमी आले. ते कोणत्या हलाखीतून आले होते, याचा हिशेब कोणी मांडला नाही. मग एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत हा फरक यंत्राच्या पोटात जाऊन बसला. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी १० ते १५ टक्के आणि आशियाईंसाठी ४ ते ६ टक्के कपात ही नित्याची बाब झाली.

ज्ञानावरचा वसाहतवादी ठसा ओळखा, असे म्हणणाऱ्या अभ्यासकांचा रोख नेमका इथे असतो. न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांच्या १९९९ मधील पुस्तकापासून या चर्चेला जोर आला. मोजणारा कोण, मोजला जाणारा कोण आणि ‘सर्वसामान्य’ म्हणून कोणाला धरले, हे त्यांचे प्रश्न. आपल्याकडे ही चर्चा लगेच ‘पाश्चात्त्यांचे सगळे खोटे, आपले सगळे आधीच ठाऊक होते’ या वळणावर जाते. त्याचा इथे काही उपयोग नाही. स्पायरोमीटर उत्तम यंत्र आहे आणि भारतीयांची मापे युरोपीयांपेक्षा सरासरीने कमी येतात, हेही खरे. चूक मोजण्यात नव्हती, कारण सांगण्यात होती. धडाची आणि पायांची लांबी यांचे प्रमाण वेगळे असल्याने थोडा फरक पडतो. पण जन्माचे वजन, लहानपणीची उपासमार, चुलीचा धूर, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया यांनीही फुप्फुसाची वाढ खुंटते. त्या खुंटलेल्या वाढीलाच ‘वंश’ म्हटले, की उपासमार आणि धूर दोन्ही नॉर्मल ठरतात.

मग रकाना पुसून टाकावा का? अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये वंश न विचारता सर्वांना एकच सरासरी लावण्याची शिफारस केली. तिथल्या २०२४ च्या एका अंदाजानुसार या बदलाने कृष्णवर्णीय माजी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईत वर्षाला १०० कोटी डॉलरहून अधिक वाढ होऊ शकते आणि गोऱ्यांची ५० कोटींनी घटू शकते. एका रकान्यात एवढा पैसा अडकलेला होता.

भारतात गुंता वेगळा आहे. २०१२ च्या जागतिक सूत्रांसाठी ७४ हजारांहून अधिक निरोगी लोकांची मापे वापरली गेली आणि चार वांशिक गट पाडले गेले. त्यात भारतीय उपखंडाला स्वतंत्र गट नाही, आपण ‘इतर’मध्ये. भारतीयांवरून काढलेली सूत्रे आहेत, पण उत्तरेची वेगळी, दक्षिणेची वेगळी, पश्चिमेची वेगळी. काही ठिकाणी अजून युरोपीय आकड्याला सरळ ०.९ ने गुणतात. आणि कपात पूर्ण काढली, तर धडधाकट माणूस आजारी ठरून त्याची नोकरी किंवा शस्त्रक्रिया अडू शकते. ही भीतीही खोटी नाही. देशभरातील, सर्व थरांतील निरोगी माणसांची एकाच पद्धतीने घेतलेली मापे हवीत, आणि ‘निरोगी’ म्हणताना बालपण कसे गेले हेही विचारायला हवे. हे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.

तोवर दमा, सीओपीडी किंवा धुळीच्या कामामुळे ही तपासणी करणाऱ्यांनी रिपोर्टमधला टक्क्यांचा आकडा तेवढा पाहू नये. शेजारी लिटरमध्ये प्रत्यक्ष माप असते. ते कोणत्याही रकान्याने बदलत नाही. पहिल्या सेकंदात किती हवा निघाली, याचे एकूण हवेशी असलेले गुणोत्तरही वंशाच्या कपातीने फारसे हलत नाही, म्हणून सीओपीडीचे निदान त्यावरच टेकलेले असते. कोणते सूत्र वापरले, ते बहुधा रिपोर्टवर लहान अक्षरांत छापलेले असते. ते दर वेळी तेच आहे ना, हे डॉक्टरांना विचारावे. आणि जुने रिपोर्ट फेकू नयेत. गेल्या वर्षी ३.४ लिटर आणि यंदा ३ असेल, तर ‘नॉर्मल’ छापलेल्या कागदावरही डॉक्टरांनी थांबून पाहायला हवे.