नाणी तेवढीच, तरी मुलांना जास्त का वाटतात?

चार वर्षांच्या मुलासमोर पाच-पाच नाण्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा. "दोन्हीकडे सारखीच," असं ते म्हणेल. आता एक ओळ पसरवून पुन्हा विचारा. उत्तर बहुतेकदा बदलतं: "ही जास्त!"

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मते, या वयात मुलं लांबीला भुलतात. मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, हे साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास उमगतं.

पण १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी ओळ 'खोडकर टेडी'कडून विस्कटवली. तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठ्या माणसाने मुद्दाम बदल करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की त्यांना वेगळं उत्तर हवंय, असं मुलांना वाटतं.

त्यामुळे मुलावर 'गणितात कच्चं' असा शिक्का मारण्याआधी, प्रश्न कसा विचारला तेही पाहा.