अ‍ॅरेसारखा दिसतो, पण अ‍ॅरे नव्हे

समजा, दिवसभरातील तापमानाच्या नोंदी संगणकात ठेवायच्या आहेत. पीएचपी या भाषेत त्यासाठी अ‍ॅरे वापरतात. अ‍ॅरे म्हणजे खणांचे कपाट. प्रत्येक खणावर एक चिठ्ठी. $नोंद['सकाळ'] = 24; असे लिहिले, की 'सकाळ' या खणात 24 हा आकडा जाऊन बसतो. (पीएचपीत चलाला देवनागरी नाव चालते, मुलांना जरूर करून दाखवावे.)

मात्र खणात काय पडते आहे, याची अ‍ॅरेला फिकीर नसते. चुकून 240 लिहिले, तरी तो मुकाट्याने ठेवून घेतो. मग कपाटापुढे एक कारकून बसवला तर? आकडा तपासूनच तो आत ठेवील. असा कारकून म्हणजे ऑब्जेक्ट. पण मग चौकटी कंस वापरून आधी लिहिलेला सगळा प्रोग्रॅम बदलायचा का?

2004 साली आलेल्या पीएचपी 5 मध्ये यावर तोड निघाली. अ‍ॅरेअ‍ॅक्सेस नावाचा एक करार आहे. 'मला चार कामे येतात' असे ऑब्जेक्टच्या क्लासने कबूल करायचे: खण आहे का ते सांगणे (ऑफसेटएक्झिस्ट्स), खणातले काढून देणे (ऑफसेटगेट), खणात ठेवणे (ऑफसेटसेट) आणि खण काढून टाकणे (ऑफसेटअनसेट). मग चौकटी कंस दिसला, की पीएचपी त्या त्या कामाला हाक मारते. 240 ला नकार द्यायचा तो ऑफसेटसेटमध्ये.

खण मोजण्यासाठी काउंटेबल आणि एकेक खण फिरून पाहण्यासाठी इटरेटरअ‍ॅग्रिगेट, असे आणखी करार आहेत. ते पाळले तरी अ‍ॅरे-मॅपसारखी फंक्शने ऑब्जेक्ट घेत नाहीत. त्यांना खराखुरा अ‍ॅरेच लागतो. तिथे निदान चूक लगेच कळते.

न कळणारी चूक वेगळीच आहे, आणि तिच्यात मी स्वतः अडकलो. आमचा तापमापक अर्धा अंश जास्त दाखवत असे. प्रत्येक नोंदीतून 0.5 वजा करणारे एक फंक्शन मी लिहिले होते. त्याच्याकडे अ‍ॅरे दिला, की ते फक्त आपल्या प्रतीत बदल करी. मूळ नोंदी शाबूत राहत. पुढे अ‍ॅरेच्या जागी ऑब्जेक्ट आणला. फंक्शनची एकही ओळ बदलली नाही, चुकीचा संदेशही आला नाही. मात्र तक्त्यात अर्धा अंश वजा झाला, आणि त्यानंतर काढलेल्या आलेखात पूर्ण एक! दोन दिवस मी तापमापकालाच दोष देत होतो.

कारण असे, की फंक्शनला अ‍ॅरे दिला तर त्याच्या हाती स्वतंत्र प्रत येते. ऑब्जेक्ट दिला, तर त्याच कारकुनाचा पत्ता. तक्त्यासाठी केलेली वजाबाकी मूळ नोंदींतच झाली होती. आलेखाने ती पुन्हा केली.

उपाय एका ओळीचा होता: फंक्शनच्या सुरुवातीला $नोंद = क्लोन $नोंद; (यातला 'क्लोन' तेवढा रोमन लिपीत हवा). क्लोन केल्यावर ऑब्जेक्टच्या पोटातल्या अ‍ॅरेची प्रत होते. पण पोटात आणखी ऑब्जेक्ट असतील, तर ते मात्र दोघांत सामाईकच राहतात.