एक कंपनी, तीन कारखाने

एखाद्या उद्योगसंस्थेचे काम एकाहून अधिक ठिकाणी चालू लागले की सर्वत्र कारभार सारखाच असावा, असे वरिष्ठांना साहजिकच वाटते. हिशेब ताडून पाहणे त्यामुळे सोपे जाते. परंतु जेथे यंत्रे, माणसे आणि तयार होणारा मालही निराळा, तेथे एकच नियम कुठवर लावावा? भारतात हा प्रश्न पोलाद उद्योगात फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला.

१९५४ साली हिंदुस्तान स्टील लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्या छत्राखाली तीन कारखाने आले : राउरकेला पश्चिम जर्मनीच्या, दुर्गापूर ब्रिटनच्या आणि भिलाई सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेले. भिलाईचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. कुरुदसारखी भोवतालची खेडी पुढे या औद्योगिक नगराच्या कक्षेत आली.

आरंभी प्रत्येक कारखान्याची नियोजित क्षमता सारखीच, म्हणजे वर्षाला १० लाख टन होती. साम्य जवळजवळ येथेच संपत होते. राउरकेला पत्रे व प्लेटा तयार करी, भिलाई रूळ व बांधकामाचे पोलाद, तर दुर्गापूर रेल्वेची चाके व आस. भिलाईच्या उघड्या चुलीच्या भट्टीत पोलादाचा एक घाण तयार होण्यास कित्येक तास लागत. राउरकेलाने देशात प्रथम आणलेल्या एल. डी. परिवर्तकात ऑक्सिजनच्या झोताने तेच काम तासाभराच्या आत उरके. हा फरक केवळ भट्टीपुरता राहत नाही. नमुना केव्हा तपासावा, दुरुस्तीसाठी भट्टी केव्हा थांबवावी, पाळीवर किती माणसे ठेवावीत, ही सारी गणिते त्याने बदलतात. भिलाईचे अनेक अभियंते सोव्हिएत संघात शिकून आलेले होते. त्यांची कामाची रीत राउरकेलाच्या अभियंत्यांना जशीच्या तशी उपयोगी पडणे शक्य नव्हते. दर कामगारामागे उत्पादन किती, एवढ्याच आकड्यावरून या कारखान्यांची प्रतवारी लावणे म्हणूनच फसवे ठरते.

तथापि सर्वच एकरूपता निरुपयोगी असते, असे नव्हे. भिलाईचा रूळ देशात कोठेही टाकला तरी दुसऱ्या रुळाशी बिनचूक जुळला पाहिजे; तेथे वैविध्याला वाव नाही. वेतनाचेही तसेच. १९६९ साली पोलाद उद्योगासाठी संयुक्त वेतन-वाटाघाट समिती नेमली गेली आणि निरनिराळ्या कारखान्यांतील कामगारांच्या वेतनाचा विचार एकत्र होऊ लागला. १९७३ मध्ये स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडिया अस्तित्वात आली, आणि १९७८ च्या पुनर्रचनेत हिंदुस्तान स्टील विसर्जित झाली.

या समान वेतनाची कक्षा मात्र कायम कामगारांपाशी थांबत होती. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा खाणींत कंत्राटी मजूर निराळ्या दराने, निराळ्या शर्तींवर राबत. त्यांच्यातूनच १९७७ मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. शंकर गुहा नियोगी हे त्याचे नेते. पुढे खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाचा विचार सुरू झाला, तेव्हा संघाने केवळ नकार दिला नाही. काही टप्पे यंत्रांकडे आणि काही माणसांच्या हातांकडे ठेवणारी अर्धयांत्रिकीकरणाची योजना त्याने मांडली. हातांनी खनिज काढण्याच्या या कामात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. सगळीकडे एकच यंत्र आले असते, तर त्यांचे काम आधी गेले असते.