नळी नवी, रायफल जुनी

एनसीसीत ज्यांनी 'पॉइंट टू टू' चालवली आहे, त्यांच्या हातून रिमफायर काडतूस गेलेले असते. त्याच्या बुडाला मध्यभागी टोपी नसते. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. आज सर्वत्र चालणारे .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या स्टीव्हन्स कंपनीने आणले. याच कंपनीची 'फेव्हरिट' ही एकबारी रायफल १८९४ च्या सुमारास बाजारात आली. ती शाळकरी मुलांच्या हाती देण्याजोगी हलकी होती. आज जुन्या फेव्हरिट सापडतात त्या बहुधा दस्ता धड आणि नळी खराब अशा अवस्थेत.

दोष गोळीचा नव्हे. ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास भरणारी शिशाची मऊ गोळी पोलादाला फारशी झिजवत नाही. नळी खाल्ली ती जुन्या काडतुसांतील पोटॅशियम क्लोरेटने. ते जळल्यावर मागे राहणारा क्षार हवेतील ओल शोषतो, आणि त्याच संध्याकाळी नळी पुसली नाही तर गंज धरतो. पुसणाऱ्यांनीही नुकसान केलेच: तोंडाकडून घातलेली सळई घासून घासून तेथील पेचदार खाचा बोथट होतात. गंज न आणणारी काडतुसे अमेरिकेत रुळली ती १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून.

नळी खरोखर गेली आहे की नुसती माखली आहे, हे आधी पाहावे लागते. कित्येकदा तथाकथित झीज म्हणजे साठलेले शिसेच असते, आणि पितळी ब्रश व धीर एवढ्यावर काम भागते. नंतर मऊ शिशाची गोळी तेल लावून सळईने हळूहळू ढकलतात. जिथे ती अचानक सैल पडते, तिथे नळी रुंदावलेली असते. कागदी लक्ष्यावर गोल भोकाऐवजी लांबट फाटलेले भोक दिसले, तर गोळी आडवी होऊन पोचली, म्हणजे तिला पुरेशी फिरकी मिळाली नाही, असा अर्थ.

अशा नळीवरचा पक्का उपाय म्हणजे अस्तर. जुने छिद्र साधारण ५/१६ इंचापर्यंत मोठे करतात. ड्रिलच्या टोकाची गुळगुळीत दांडी जुन्या छिद्रातच चालत असल्याने वाट सहसा चुकत नाही. मग १६ इंचांत एक फेरा घेणाऱ्या खाचांची पातळ पोलादी नळी आत बसवून डाक देतात किंवा चिकटवतात. नंतर काडतुसाचे घर कोरतात, टरफल ओढणाऱ्या आकड्यासाठी खाच पाडतात आणि तोंड सम करतात. फेव्हरिटची नळी एका स्क्रूवर सुटते, त्यामुळे हे काम सोपे जाते. रिकामा घोडा पाडून पाडून घराच्या कडेला पडलेला खळगाही यात नाहीसा होतो. ढिल्या पिना मात्र स्वतंत्रपणे बदलाव्या लागतात, आणि जुन्या सांगाड्यात जलद वेगाची आधुनिक काडतुसे घालू नयेत.

बाहेरून पॉलिश करणे ही सर्वांत महागडी चूक. तिने शिक्के पुसट होतात, कडा गोलावतात, आणि संग्राहकाच्या लेखी रायफलची किंमत घसरते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती करण्यालाही परवाना लागतो. वाडवडिलांची रायफल घरी असेल, तर ती परवानाधारक कारागिराकडेच न्यावी.